कटकचा वकील आणि कातड्याचा कारखाना

मधुसूदन दास हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही. ओडिशात मात्र नुसते ‘मधुबाबू’ म्हटले की पुरे. पहिले ओडिया पदवीधर, नामांकित वकील, ‘उत्कल संमिलनी’चे संस्थापक अशी त्यांची थोरवी तिकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २८ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस तिथे वकील दिन म्हणून पाळतात. मला स्वतःला या माणसाची ओढ वाटते ती त्यांच्या बुडालेल्या कारखान्यामुळे.

१८४८ साली कटक जिल्ह्यातल्या सत्यभामापूर गावी, जमीनदाराच्या उच्चवर्णीय घरात त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याला जाऊन ते एम. ए. झाले, कायदा शिकले. तरुणपणीच ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे घरादाराशी अंतर पडले. १८८१ मध्ये कटकला परतले आणि वकिलीत असा जम बसवला, की चार पिढ्या बसून खाव्यात. बसून खाण्याचा स्वभाव मात्र नव्हता. कटकच्या चांदीच्या तारकामाला बाजार मिळावा म्हणून आधी त्यांनी कलावस्तूंची कार्यशाळा काढली. मग १९०५ मध्ये, स्वदेशीच्या ऐन भरात, कातडे कमावण्याचा कारखाना उभारला : उत्कल टॅनरी.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. आपल्याकडे ढोर समाजाने कातडे कमवावे, चर्मकारांनी जोडे शिवावेत आणि ते पायात घालणाऱ्याने दोघांनाही दाराबाहेर उभे करावे, अशी रीत होती. ओडिशातही नावे निराळी, रीत तीच. अशा वेळी एक नामवंत वकील भर शहरात कच्च्या कातड्यांचा व्यवहार करू लागला. भद्र समाजाने नाके मुरडली असतील, यात नवल नाही.

मधुबाबूंचा हिशेब साधा होता. कच्चे कातडे बोटीत भरून परदेशी जाते. ते कमावायला लागणारा हिरडाही जातो. आपल्या सह्याद्रीतलाही जात होता. मग त्याच कातड्याचे बूट होऊन चौपट दामाने परत येतात. मधली मजुरी, मधले कसब आणि मधली अक्कल परक्याच्या घरी राहते. नुसत्या बैलाच्या संगतीत राबणारा, हाताला दुसरी कला नसलेला माणूस हळूहळू बैलासारखाच होतो, असे ते सांगत. गांधीजींच्या मनात हा विचार इतका रुतला, की तो त्यांनी पुढे अनेकदा मांडला.

कारखान्याचे नाव झाले ते घोरपडीच्या कातड्यामुळे. तिच्या चिवटपणाचे आपल्याला कौतुक, पण तिच्या कातड्याचे देखणे बूट होतील हे कुणाला सुचले असते? उत्कल टॅनरीने ते केले आणि त्या मालाला परदेशात गिऱ्हाईक मिळवले. (आज घोरपडीला हात लावला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने तुरुंग आहे, हे वेगळे सांगायला नको.)

मग असा कारखाना बुडाला का? मधुबाबूंना व्यवहार जमला नाही, असे म्हणून मोकळे होता येते. मला ते पुरते पटत नाही. सरकार तेव्हा या धंद्याकडे कसे पाहत होते, तेही पाहावे लागते.

सरकारला चामडे नको होते असे नव्हे. लष्कराच्या खोगिरांसाठी कानपूरला एकोणिसाव्या शतकातच सरकारी कारखाना निघाला होता. मद्रासेत तर त्याहून चांगले काही घडत होते. आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज प्राध्यापकाने १९०३ पासून मद्रास सरकारच्या पैशाने क्रोम पद्धतीने कातडे कमावण्याचे प्रयोग चालवले. झाडाच्या सालीने ज्याला आठवडेच्या आठवडे लागत, ते काम क्रोमच्या क्षारांनी थोड्या दिवसांत होई आणि कातडे पाण्यात टिके. आमच्या लहानपणी विहिरीवर मोट चालत असे. मोटेचे चामडे कुजले की शेतकऱ्याचे काय होई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शोधाचे मोल कळेल. चॅटर्टनच्या डोळ्यांपुढेही मद्रासकडची मोटच होती.

प्रयोग यशस्वी झाला, आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले. मद्रासच्या युरोपीय व्यापाऱ्यांनी ओरड केली, की सरकार आमच्या धंद्यात का पडते? १९१० साली भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांचा खलिता आला : सरकारने उद्योगाचे शिक्षण द्यावे, पण स्वतः कारखाने चालवू नयेत. मद्रासची क्रोम टॅनरी सरकारने हातावेगळी केली. पुढे पहिले महायुद्ध पेटले तेव्हा फौजेच्या बुटांसाठी याच सरकारने मद्रासचे कमावलेले कातडे घाऊक उचलले. १९१९ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के जकात बसली, पण साम्राज्यातल्या देशांना त्यात दोन तृतीयांश सूट होती. १९२३ मध्ये ती जकातही ५ टक्क्यांवर आणली गेली. अशा धरसोडीत कटकच्या एकट्या वकिलाने किती तग धरावा?

१९२१ मध्ये मधुबाबू बिहार-ओरिसा प्रांताचे मंत्री झाले. खाते मिळाले स्थानिक स्वराज्याचे, उद्योगाचे नव्हे. मंत्र्याने हे काम बिनपगारी करावे, असा त्यांचा आग्रह. तो मानला गेला नाही तेव्हा १९२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. इकडे टॅनरी त्यांची कमाई गिळत होती. ऑगस्ट १९२५ मध्ये गांधीजी मुद्दाम कटकला येऊन कारखाना पाहून गेले. तोवर कर्ज गळ्याशी आले होते. अखेर ओडिशाचा हा सर्वांत नामांकित वकील दिवाळखोर ठरला आणि कारखाना हातचा गेला.

सारेच मातीत गेले म्हणावे, तर तसेही नाही. गांधीजींनी साबरमतीला मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे चर्मालय काढले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी तेच काम नेटाने चालवले. १९३४ मध्ये गांधीजींनी लिहिले, की दरसाल नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते. मधुबाबूंचाच हिशेब तो.

त्याच वर्षी, ४ फेब्रुवारीला, मधुबाबू वारले होते. ज्या ओडिशा प्रांतासाठी ते तीन दशके झटले, तो १ एप्रिल १९३६ रोजी अस्तित्वात आला. आणि चामड्याच्या संशोधनाची केंद्रीय संस्था सरकारी खर्चाने उभी राहिली ती १९४८ साली, मद्रासला. मोर्लेंच्या खलित्यानंतर अडतीस वर्षांनी.