चांद्याचे बाबूराव शेडमाके

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने वर्षानुवर्षे पैसा आणि फौज ओतली. पण हो चि मिन्ह यांच्या लाल झेंड्यामागे परकीयांना हुसकावण्याचा जो ध्यास होता, तो तिला उमगलाच नाही. १९७५ साली सायगाव पडले. तो इतिहास वाचताना मला आमच्या चांद्याचे बाबूराव शेडमाके आठवतात.

अहेरी मुलखातल्या मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यात १८३३ साली त्यांचा जन्म झाला. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या हाती गेला. सत्तावनच्या उठावाची वार्ता आली, तेव्हा बाबूरावांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभी केली. मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा घेऊन त्यांनी नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या सैन्याशी झुंज दिली. एप्रिलअखेर प्राणहितेकाठच्या तारखात्याच्या तळावर छापा पडला. दोन गोरे मारले गेले.

रानात बाबूराव हाती लागेनात, तेव्हा इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंना हाताशी धरले. सप्टेंबरात ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस.

सरकारी दप्तराने त्यांना बंडखोर ठरवले आणि प्रकरण मिटवले. १९८० नंतर गडचिरोलीच्या याच रानात नक्षलवादी आले, पाठोपाठ पोलीस आले. बाबूराव कोणत्याही वादाचे नव्हते. आपल्या मुलखावर परक्याचा अंमल नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. झेंड्याचा रंग पाहण्याआधी रानातल्या माणसाचे म्हणणे ऐकावे, असे मला वाटते.