कोलंबियातील विद्यार्थी भीमराव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे चवदार तळे, पुणे करार आणि राज्यघटना आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. मी मात्र त्यांचे चरित्र वाचताना अडकलो तो त्यांच्या विद्यार्थिदशेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घर सोडून परमुलखातल्या वसतिगृहात राहायला गेलेला बावीस वर्षांचा भीमराव मला फार जवळचा वाटला. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत एवढाच या लेखाचा हेतू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एकच खोली. तीतच स्वयंपाक, तीतच झोपणे आणि तीतच अभ्यास. वडील रामजी सुभेदार रात्री जागे राहून मुलाला दोन वाजता अभ्यासाला उठवीत. एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम मुक्काम हार्टले हॉल या वसतिगृहात पडला. पण तेथील जेवण त्यांना रुचेना. मग ते काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. अखेर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते स्थिरावले. तेथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्या सोबत होता. ही मैत्री जन्मभर टिकली. एवढ्या मोठ्या माणसालाही परक्या ठिकाणी रुळायला दोनदा जागा बदलावी लागली, हे वाचून आपल्यासारख्यांना धीर येतो.

पण खरा बदल जेवणाखाण्याचा नव्हता. येथे वर्गात कोणी त्यांना वेगळे बसवत नव्हते आणि पाण्याच्या भांड्याला हात लावताना जात विचारीत नव्हते. आयुष्यात प्रथमच ते केवळ एक विद्यार्थी होते. या मोकळेपणाचे त्यांनी काय केले? ग्रंथालय गाठले. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांच्या तासांना ते बसले. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. घरी पत्नी रमाबाई आणि लहान मूल होते. शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठवावे लागत. तरी १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या जातीने वर्गाबाहेर बसवले, तिचीच चिकित्सा ते वर्गात उभे राहून करीत होते!

त्यानंतर ते लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. येथे मला वाचन थांबवावे लागले. एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दोन परिचितांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. न्यूयॉर्कला एका पारशी मित्राच्या सोबतीने ते सुखाने राहिले होते. समुद्रापलीकडे जे सहज मिळाले, ते स्वदेशात विद्वत्तेच्या बळावरही मिळाले नाही.

पुढे अपुरे शिक्षण त्यांनी जिद्दीने पुरे केले, कोलंबियाची पीएच. डी. १९२७ साली त्यांच्या नावे लागली. पण मला त्यांचे दुसरे एक काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्यानंतर १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला गेला. शिकायला पुस्तक लागते, तशी हक्काने कंदील लावून बसण्याची जागाही लागते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

दरवर्षी आपल्याही वसतिगृहात खेड्यापाड्यांतून नवी मुले येतात. आठवडाभर ती कोणाशी बोलत नाहीत. जयंतीला आपण हार घालतो, भाषणे करतो, ते करावेच. पण अशा मुलाला आडनाव न विचारता आपल्या खोलीत कॉट टाकू देणारा भथेना आपल्यापैकी कोणी झाला, तर ते अभिवादन बाबासाहेबांना अधिक आवडेल, असे मला वाटते.