घराला शिकवणाऱ्या शिक्षिका : पद्मभूषण ताराबाई मोडक

मालवण, देवगड, वेंगुर्ले या आपल्या किनाऱ्यावरील कोणत्याही वाडीत सकाळी गेले असता अंगणवाडीतील मुलांचा किलबिलाट कानी पडतो. बाप होडीवर किंवा नोकरीनिमित्त मुंबईस, आई बाजारात वा शेतात, अशा घरातील चिमुकली मुले तेथे गाणी म्हणतात, खाऊ खातात, रांगेत उभे राहून हात धुतात. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलालाही शिक्षण असते, आणि ते देण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांनाच काही शिकावे लागते, हा विचार महाराष्ट्राच्या गळी उतरविण्यासाठी एका विदुषीने आपले अवघे आयुष्य वेचले. त्या थोर विदुषी म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. ज्या काळात मुलगी चार बुके शिकली तरी गावभर चर्चा होई, त्या काळात, म्हणजे 1914 साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तथापि हा संसार टिकला नाही. 1921 साली पतिपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या मुलीची जबाबदारी एकट्या ताराबाईंवर आली. पतीपासून वेगळ्या झालेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे त्या पिढीच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. ताराबाईंनी आपल्या दुःखाचे प्रदर्शन मांडले नाही. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

सौराष्ट्रातच त्यांच्या जीवनाला वळण मिळाले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ 1920 पासून बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारातून त्यांचा कल बालशिक्षणाकडे वळला आणि वकिली मागे पडली. गुजरातने त्यांना प्रेमाने ‘मूछाळी माँ’, म्हणजे मिशा असलेली आई, असे नाव दिले. 1923 साली ताराबाई भावनगरला गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेद्वारे हे विचार गुजरातीतून आणि पुढे मराठीतून घरोघरी पोहोचू लागले.

ही पद्धत होती तरी काय? तिचा पाया इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी घातला होता. 1907 साली रोम शहरातील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, ते आपल्या हातांनी आणि इंद्रियांनी स्वतःच शिकत असते, हे त्यांच्या शिकवणीचे सार. लाकडी चौकटीवर कापडाची दोन पाने ताणून बसवलेली असत. एका चौकटीला बटणे, दुसरीला हुक, तिसरीला नाड्या. मूल ती पुन्हा पुन्हा लावी, सोडी आणि एके दिवशी आपले कपडे आपण घालू लागे. झाडणे, पाणी ओतणे, घड्या घालणे ही कामेसुद्धा अभ्यासच. छडीला तेथे थारा नव्हता. आश्चर्याची गोष्ट म्हणजे बक्षिसालाही नव्हता, कारण भीतीने केलेले काम जसे आपले नसते, तसेच लालसेने केलेलेही नसते.

ताराबाईंचे वेगळेपण असे की, त्यांनी हा विचार शाळेच्या चार भिंतींत ठेवला नाही. बालमंदिरात मूल तीन तास असते, घरी मात्र एकवीस तास. शाळेत मारायचे नाही आणि घरी उठता-बसता धपाटे घालायचे, तर शिक्षण कोणाचे झाले? म्हणूनच त्यांचे बरेचसे लेखन आईवडिलांसाठी आहे. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, जेवताना का रडते, याची कारणे त्या मुलात नव्हे, तर घराच्या वागणुकीत शोधावयास लावत. अहिंसेचा संस्कार लाभलेल्या घरांनीही येथे थोडे अंतर्मुख व्हावे. मुंगीला जपणारा हात आपल्याच लेकरावर सहज उगारला जातो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

1936 साली दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले. तेथे शिक्षिका घडू लागल्या, पालक येऊ लागले, नावलौकिक झाला. एवढ्यावर समाधान मानले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण एक गोष्ट त्यांना डाचत होती. ही साधने महाग, बालमंदिराची फी परवडणारी कुटुंबे मोजकी. ज्या बालकांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, तीच दाराबाहेर राहत होती. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे श्रीमंतांची झाली होती.

यावर त्यांनी केवळ खेद व्यक्त केला नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 च्या डिसेंबरात, त्यांनी आपल्याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, त्या वेळच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंना तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आले होते. संसार दोघींनाही लाभला नाही, पण शेकडो घरांतील मुलांच्या त्या आई झाल्या.

बोर्डीत पहिला धडा त्या स्वतःच शिकल्या. शाळा उघडली तरी मुले येत नाहीत! तेव्हा त्यांनी दलित वस्तीत जाऊन अंगणातच बालवाडी भरवली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे येथून आरंभ झाला. विकत आणलेल्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली. मोजणी शिंपल्यांनी होते, रंगांची ओळख पानाफुलांनी होते, त्यासाठी परदेशी पेटी लागत नाही.

1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलांमध्ये गेले. तेथील मुले गुरे राखीत, म्हणून शिक्षिका फळा-खडू घेऊन चराऊ रानात गेली. तीच कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी अडकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालले. घराची अडचण हा मुलाचा अपराध न मानता ती आपल्या वेळापत्रकात सामावून घेणे, ही ताराबाईंची खरी अध्यापनपद्धती होय.

1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. बोर्डीच्या अंगणात भरलेल्या त्या बालवाडीशी त्यांचे नाते सहज ओळखू येते.

संस्था इमारतींनी मोठ्या दिसतात, पण टिकतात त्या पुढच्या पिढीच्या संस्कारांवर. आपण मुलांच्या शिक्षणासाठी हात सैल सोडून खर्च करतो. शिकवणी लावतो, शहरात ठेवतो. परंतु दुकान बंद करून घरी आल्यावर मुलाचे बोलणे पुरते ऐकून घेण्यास अर्धा तास मिळतो काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी द्यावयाचे आहे. ते प्रामाणिकपणे दिले, तर ताराबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.