बंदुकीच्या नळीपासून कात्रीपर्यंत

शस्त्रक्रियेची कात्री रक्त, मिठाचे पाणी आणि ऑटोक्लेव्हची वाफ रोज सोसते, तरी सहसा गंजत नाही. तिच्या पोलादाचा माग शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांच्यापर्यंत जातो.

ब्रिअर्ली यांचा जन्म १८७१चा. वडील पोलादाच्या भट्टीवर कामगार. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि थॉमस फर्थ अँड सन्स कंपनीच्या रसायनशाळेत त्यांना बाटल्या धुण्याचे काम मिळाले. पोलादाचे पृथक्करण ते तिथेच आणि रात्रीच्या अभ्यासातून शिकले. १९०८मध्ये ते ब्राऊन-फर्थ संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

१९१२मध्ये त्यांच्याकडे आतून झिजणाऱ्या बंदुकीच्या नळ्यांचा प्रश्न आला. क्रोमियम घालून त्या टिकतात का, हे पाहायचे होते. ऑगस्ट १९१३मध्ये १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले गेले. धातूची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकातून दिसावी म्हणून घासूनपुसून चकचकीत केलेल्या तुकड्यावर अल्कोहोलमधले नायट्रिक आम्ल लावतात. पॅथॉलॉजीत स्लाइड रंगवतात, तसेच. या पोलादावर आम्ल चालेना. दुसऱ्या कोणी नमुना बिघडला म्हणून टाकून दिला असता. ब्रिअर्लींनी त्यावर व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला. डाग पडेना! क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन धातूवर अतिशय पातळ थर बसतो, आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो, हे त्यामागचे कारण.

शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. तरीही कारागिरांनी आधी नाके मुरडली. या पोलादाला धार येत नाही, ही त्यांची तक्रार. खरे तर त्याला पाणी देण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त तापवावे लागते. अर्नेस्ट स्टुअर्ट या कारागिराला ते जमले आणि ‘स्टेनलेस’ हे नावही त्यांनीच दिले. श्रेय आणि पेटंट यांवरून कंपनीशी बिनसल्याने ब्रिअर्ली १९१५मध्ये बाहेर पडले. जर्मनीत आणि अमेरिकेतही अशी पोलादे तयार होत होती, त्यामुळे शोध एकट्याचा म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेच्या अनेक कात्र्यांचे पोलाद आजही त्या ओतिवाच्या जवळचे असते. हाडात बसवायच्या पट्टीला मात्र ते पुरत नाही. शरीरातले क्षार संरक्षक थराला बारीक छिद्रे पाडतात आणि चालताना पडणाऱ्या ताणाने तिथूनच तडा जाऊ शकतो. म्हणून त्या पट्ट्यांत क्रोमियम वाढवून निकेल आणि मॉलिब्डेनम मिसळतात, आणि नमुने खाऱ्या द्रावणात ठेवून तपासतात.

ब्रिअर्ली यांना १९२०मध्ये बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४८मध्ये टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.