बालकवी : आनंद, औदासीन्य आणि आत्मनिरीक्षण

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. बदल्यांमुळे घर सतत हलत राहिले आणि त्यांच्या शिक्षणाला स्थैर्य लाभले नाही. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात या कोवळ्या वयाच्या कवीने श्रोत्यांना थक्क केले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे अहमदनगर येथे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी त्यांना पुत्रवत् स्थान मिळाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये दिसणारे ठोंबरे हळवे, लहरी, क्षणात रुसणारे आणि क्षणात हसणारे आहेत.

ही लहर केवळ स्वभावाची होती की व्याधीची? एमिल क्रेपेलिन यांनी उन्माद आणि विषण्णता यांचे आवर्तन हा एकच मनोविकार म्हणून १८९९ मध्ये मांडला होता. आज त्यास द्विध्रुवी विकार म्हणतात. बालकवींच्या बाबतीत मात्र वैद्यकीय निदानाचा आधार उपलब्ध नाही, आणि कवितेवरून निदान करणे समीक्षेच्या अधिकारात बसत नाही. मनाच्या या दोन टोकांकडे कवीने स्वतः कसे पाहिले, हे मात्र कवितेतून निश्चितपणे तपासता येते.

‘आनंदी आनंद’, ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’ यांचे बालकवी निसर्गकवी आणि ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ यांचे बालकवी निराशावादी, अशी विभागणी अध्यापनात रूढ आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. ‘आनंदी आनंद’मधील हर्षाला कोणतेही व्यक्तिगत निमित्त नाही; तो चराचरात आपोआप भरलेला आहे. ‘उदासीनता’ या कवितेत कवी आपल्या खिन्नतेचा उगम शोधतो, आणि तो त्यास सापडत नाही. म्हणजे दोन्ही अवस्था अकारण आहेत, आणि हे अकारणत्व कवीच्याच ध्यानात आले आहे. दारिद्र्य, संसारातील अस्वास्थ्य अशी कारणे हाताशी असताना त्यांवर दोष न ढकलणे, हे त्यांच्या आत्मनिरीक्षणाचे मोठेपण होय.

‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत ही दोन टोके एकत्र येतात. हिरव्या शेतमळ्यांतून निघालेली पायवाट काळ्या डोहाशी पोहोचते. तेथील काळिमाही कवीला गोडच वाटतो. उजेडाचा त्याग न करता अंधाराशी स्वस्थ बसणे या चित्रात साधले आहे. प्रत्यक्ष आयुष्यात ही स्वस्थता बालकवींना किती काळ लाभली, हे कविता सांगत नाही.

५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली येथे मालगाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. या अंताच्या छायेत त्यांची प्रत्येक खिन्न कविता वाचण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तसे केल्यास कवीच्या जागरूक आत्मशोधाचे रूपांतर केवळ मृत्यूच्या पूर्वसूचनेत होते. शिवाय वेदनेमुळेच प्रतिभा फुलते, हा घातक समजही बळावतो. वस्तुतः विषण्णतेने त्यांना कवी केले नाही. ती पाहण्याची दृष्टी त्यांच्याकडे कवी म्हणून होती, आणि त्या दृष्टीने पाहिलेले मराठी कवितेत टिकून राहिले आहे.