जमशेटजी टाटा आणि पाण्याची वीज



शेताकडे जाताना वाटेत डीपी लागते. तिच्यावर कवटीचे चित्र असलेली पाटी असते आणि ११००० व्होल्ट असे लिहिलेले असते. परवा पाचवीतल्या एका मुलीने विचारले, घरात तर २३० व्होल्टची वीज लागते, मग गावाच्या वेशीपर्यंत अकरा हजाराची कशाला आणतात? प्रश्न असा होता की उत्तर द्यायला पाऊण तास गेला. त्यात जमशेटजी टाटांची गोष्ट आली. ती साऱ्यांनी वाचावी म्हणून इथे लिहितो आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतल्या नवसारी गावी झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी मात्र व्यापाराची वाट धरली आणि ते मुंबईला आले. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८५८ साली शिक्षण पुरे झाले आणि ते वडिलांच्या धंद्यात शिरले. त्या कामासाठी ते चीनमध्ये गेले, पुढे विलायतेलाही गेले. लँकेशायरच्या कापडगिरण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. आपला कापूस तिकडे जातो आणि त्याचेच कापड होऊन परत इथे विकायला येते, हे त्यांच्या मनाला लागले असणार.

१८६९ मध्ये त्यांनी मुंबईत चिंचपोकळीला एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती विकून टाकली. पुढची गिरणी त्यांनी मुंबईत काढली नाही. ते आपल्या नागपुरात आले! भोवती वऱ्हाड आणि वर्ध्याचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वेही आलेली. मोठी गिरणी कुठे काढावी, तर जिथे कच्चा माल आहे तिथे. आज हे सोपे वाटते. त्या वेळी लोकांनी वेड्यात काढले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा मातीची भर घालून बुजवायला घेतली, तेव्हा नागपुरातल्या एका सावकाराने या कामात पैसा घालायचे नाकारले. सोने मातीत पुरण्याचा हा प्रकार आहे असे त्याला वाटले. पुढे गिरणीचा नफा पाहून त्यालाच आपली चूक कबूल करावी लागली म्हणतात. १ जानेवारी १८७७ रोजी ही एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातल्याही कित्येक घरांतले आजे-पणजे कामासाठी नागपूरच्या गिरण्यांत गेले. तुमच्या घरी विचारून पाहा. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली.

त्या काळी गिरणी चालायची वाफेवर. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेने चाक फिरवायचे. नागपूरचे ठीक होते. मुंबईच्या गिरण्यांना मात्र कोळसा फार दुरून आणावा लागे, तो महाग पडे, आणि सगळ्या शहरावर धूर पसरे. जमशेटजींच्या डोक्यात पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवण्याचा विचार बऱ्याच आधीपासून होता. नागपूर ठरण्यापूर्वी त्यांची नजर जबलपूरकडे नर्मदेच्या पाण्यावर गेली होती, पण तिथे जमले नाही.

मग नजर गेली सह्याद्रीवर. लोणावळ्याला पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि घाटाच्या खाली लगेच कोकण. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या इंग्रज इंजिनिअराने ही कल्पना मांडली होती, जमशेटजींनी ती उचलून धरली. पाणी वर अडवायचे, लोखंडी नळांतून खाली सोडायचे, त्याच्या माऱ्याने चाके फिरवायची आणि चाकांना जोडलेल्या यंत्रात वीज तयार करायची.

आता जरा आपल्या मामा तलावाकडे या. तलाव पाळीने उंचावर अडवलेला असतो म्हणून तुडूम उघडले की पाणी जोराने पाटात जाते आणि पाटातून धानाच्या बांधीत. तलाव आणि बांधी एकाच पातळीवर असते तर पाणी हललेच नसते. विजेचेही जवळपास असेच आहे. पाण्याच्या उंचीसारखा विजेचा दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला किती पाणी वाहते तसा विजेचा प्रवाह असतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाट अरुंद, लांब, गवताने भरलेला असला की पाणी अडते, तसा तारेतही अडथळा असतो. त्याला रोध म्हणतात. तार जितकी लांब आणि बारीक, तितका रोध जास्त.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पाटाचे पाणी बांधीत सांडले तरी चालते, विजेला तसे चालत नाही. तिला जायला एक तार आणि परत यायला दुसरी तार लागते. फेरा पुरा झाला तरच बल्ब लागतो. बटण बंद करणे म्हणजे त्या फेऱ्यात एके ठिकाणी फट पाडणे. टॉर्चचा सेल, तारेचे दोन तुकडे आणि टॉर्चचा छोटा बल्ब घेऊन हे वर्गात करून पाहता येईल. भिंतीतल्या प्लगाशी मात्र असला खेळ कोणीही करायचा नाही. सेलला दीड व्होल्टचा दाब असतो, प्लगात २३० चा, आणि तो जीव घेतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. वीज तारेतून जाताना तार तापते आणि तेवढी वीज फुकट जाते. तापण्याचा नियम मोठा वाईट आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह दहापट तर उष्णता शंभरपट. पण काम किती होणार, ते दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर ठरते. समजा एका वस्तीला २३००० वॉट वीज हवी आहे. ती २३० व्होल्टने पाठवली तर तारेतून १०० अँपिअर न्यावे लागतील. तीच ११००० व्होल्टने पाठवली तर दोनच अँपिअर पुरतात! त्याच तारेत वाया जाणारी उष्णता दोन हजार पटींहून अधिक कमी होते. म्हणून दूर जायचे तर दाब चढवून जायचे आणि गावाशी पोचल्यावर डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरने दाब उतरवून घ्यायचा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला ही चढउतार करता येते. सेलची वीज एकाच दिशेने जाते, तिच्यावर त्याचे काही चालत नाही.

उन्हाळी धानाच्या दिवसांत सगळे पंप एकदम सुरू झाले की वस्तीच्या टोकाच्या घरातला बल्ब का मिणमिणतो, तेही यातून कळेल. लांब तारेत प्रवाह वाढतो, तारच थोडा दाब खाऊन टाकते आणि शेवटच्या घराला २३० ऐवजी २०० व्होल्ट किंवा त्याहून कमी उरतात. आपण म्हणतो, होल्टेज नाही. लाईनमनचा दोष नसतो नेहमी.

जमशेटजींच्या योजनेत नेमकी हीच मेख होती. पाणी घाटात आणि गिरण्या मुंबईत, मधले अंतर सुमारे ७० किलोमीटर. अमेरिकेत नायगाराच्या धबधब्याची वीज १८९६ मध्ये बफेलो शहरात पोचली होती, म्हणून हे होऊ शकते एवढे जगाला ठाऊक झाले होते. १९०३ च्या डिसेंबरात जमशेटजींचे ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडले. विजेचे दिवे असलेल्या शहरातल्या पहिल्या इमारतींपैकी ते एक होते. पण घाटातली वीज त्यांना पाहायला मिळाली नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था आणि पाण्याची वीज ही त्यांची तिन्ही कामे तेव्हा कागदावरच होती.

त्यांचे मुलगे दोराबजी आणि रतन यांनी ती हाती घेतली. विजेची कंपनी १९१० साली निघाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला धरणाचा पाया घातला गेला आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाणी ५०० मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खाली येते. तुमच्या घराची उंची मनात धरा आणि असली घरे एकावर एक रचा, शंभर तरी लागतील! तिथली वीज सुमारे १ लाख व्होल्टचा दाब देऊन मुंबईला नेली.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर चरित्र अर्धेच राहील. पुढे याच टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतले. त्या खोऱ्यातली गावे आणि भाताची शेते पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांचे पुढारी होते आणि ते तुरुंगात गेले. धरण झालेच. मुंबईचे दिवे लागले आणि मुळशीच्या लोकांना आपली घरे सोडावी लागली. जमशेटजींना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती, ते असते तर काय करते हे आपण कसे सांगणार? गोसीखुर्दमुळे गाव सोडून आलेली घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांना हे समजावून सांगायला नको.

आपल्या बाजूला वीज मुख्यत्वे कोराडी, खापरखेड्यासारख्या ठिकाणी कोळशावर होते. पण पेंच नदीवर तोतलाडोहला पाण्याचीही वीज होते. चाके फिरवली तरी पाणी संपत नाही. ते पुढे कालव्यांनी नागपूर-भंडाऱ्याच्या शेतांकडे येते. खोपोलीचेही तसेच आहे. वीजघरातून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगा नदीत जाते आणि नदी ते समुद्राकडे नेते.