सुळेभावीचा शिवपुत्र, देवासचे कुमारजी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

आपल्या वार्षिक अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात. यंदा लेख कोणत्या विभागासाठी देणार, असे विचारले गेले तेव्हा मी क्षणभर गप्पच झालो. माझे वडील पांढुर्ण्याचे, आई धारवाडकडची. शाळा पहिलीपासून मराठी, आजोळी गेलो की कन्नड, आणि सौंसरच्या बाजारात उतरलो की हिंदी. असा माणूस नक्की कुठला, हा प्रश्न मला लहानपणापासून विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता ज्या थोर कलावंताच्या चरित्रापाशी मी येऊन थांबलो, त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. ते कलावंत म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

कुमारजींचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी, कन्नड बोलणाऱ्या लिंगायत कुटुंबात. घरात गाण्याची आवड होती. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत या मुलाच्या गळ्यात गाणे आहे याची कोणास कल्पनाही नव्हती, असे सांगतात. मग एकाएकी तो गाऊ लागला. मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकाव्यात आणि त्या हुबेहूब, ताना-हरकतींसह गळ्यातून काढून दाखवाव्यात, असा तो चमत्कार होता. लिंगायत मठाच्या स्वामींनी कौतुकाने त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच नाव कायम झाले. गावोगाव जलसे होऊ लागले. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत या बालगायकाने भल्याभल्या जाणकारांना थक्क केले.

परंतु नक्कल ती नक्कलच. दुसऱ्याचे गाणे कितीही हुबेहूब गायिले तरी ते उसने भांडवल. त्याच सुमारास हा मुलगा मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिकू लागला. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. तथापि एकाच घराण्याचा आग्रह धरणारे ते नव्हते. त्यांच्या विद्यालयात नाना घराण्यांचे गवई येत-जात आणि विद्यार्थ्यांच्या कानांवर सगळे पडे. कुमारजींनी अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही विद्या घेतली. पुढे ते देवधरांच्या विद्यालयात स्वतः शिकवूही लागले. तेथेच कराचीहून संगीत शिकण्यास आलेल्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९४७ साली विवाह झाला. वय तेवीस, नाव देशभर झालेले. सारे काही जुळून आले होते.

आणि नेमक्या त्याच वेळी क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे जवळजवळ मृत्यूचे बोलावणेच. कोरडी हवा मानवेल म्हणून पतिपत्नी माळव्यातील देवास या लहानशा गावी आली. ३० जानेवारी १९४८ हा तो दिवस. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गाणे सक्त वर्ज्य, गायलात तर जिवाशी गाठ, असा डॉक्टरांचा इशारा होता. ज्याचे सारे आयुष्य श्वासावर उभे, त्याला श्वास जपून वापरण्याची शिक्षा! पाच-सहा वर्षे कुमारजी अंथरुणावर होते. भानुमतींनी त्यांची जी शुश्रूषा केली तिला तोड नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध उपलब्ध झाले आणि कुमारजी हळूहळू बरे झाले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुफ्फुस कायमचे निकामी झालेले होते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून या वर्षांचा ताळेबंद मांडला तर खर्चाची बाजू कोणालाही दिसेल. जमेची बाजू मात्र बारकाईने पाहावी लागते. अंथरुणावर पडल्यापडल्या कुमारजींना करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ऐकणे. पक्षी, वारा, पाऊस, दारावरून जाणारे भिक्षेकरी, लग्नसराईत आणि सणावारी गाणाऱ्या माळव्याच्या बायका, हे सारे त्यांच्या कानांत साठत गेले. पूर्वी ते गवयांना ऐकत होते. आता ते गाव ऐकू लागले.

यातूनच त्यांच्या संगीतविचाराचा उगम झाला. लोकधुन बहुधा चार-पाच स्वरांतच फिरते. रागाला आरोह-अवरोह लागतो, वादी-संवादी लागतात, तासभर विस्तार करता येईल इतका अवकाश लागतो. परंतु धुनेच्या त्या चार-पाच स्वरांतच रागाचे बीज असते, राग आधी लोकांच्या गळ्यात जन्मतो आणि मग पंडितांच्या हाती येतो, असे कुमारजींचे मत होते. त्यांनी माळव्याची लोकगीते जमवली, स्वरलिपीत उतरवली आणि त्यांतील बीजांतून नवे राग घडवले. मालवती, सांजारी, लगनगांधार, सहेली तोडी, अहिमोहिनी हे त्यांपैकी काही. अहि म्हणजे साप. अहिमोहिनीच्या मुळाशी गारुड्याच्या पुंगीची धुन आहे.

मधसुरजा या रागाची कथा तर मन हेलावून टाकणारी आहे. देवासच्या टेकडीवर देवीची ठाणी आहेत. देवीपुढे बळी देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या बकऱ्याचा आक्रोश त्यांच्या मनात राहिला आणि त्यातून या रागाची बंदिश आली, असे सांगतात. डोक्यावर मध्यान्हीचा सूर्य आणि आईला साद घालून जीव वाचवण्याची विनवणी करणारे एक मुके जनावर, असा तो प्रसंग. शृंगार, भक्ती आणि ऋतुवर्णन यांत रमणाऱ्या ख्यालाच्या दुनियेत एका बकऱ्याची व्यथा येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. जो स्वतः मरणाच्या दारातून परत आला होता, त्यालाच ती हाक इतक्या जवळून ऐकू आली असावी.

गांधी मल्हार हा राग त्यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने निर्माण केला. गांधीजींसाठी त्यांनी शोकाचा राग योजला नाही, तर तापलेल्या भूमीवर पाऊस आणणाऱ्या मल्हाराचे कुळ निवडले. ज्या दिवशी गांधीजी गेले त्याच दिवशी आपण देवासला आलो, हे त्यांच्या मनात असेल काय? हा दुवा माझा मी जोडतो आहे; पण तो मनातून जात नाही.

१९६१ साली प्रसूतीच्या वेळी भानुमतींचे निधन झाले. ज्यांनी कुमारजींना मृत्यूच्या हातून सोडवून आणले, त्यांनाच मृत्यूने नेले. देवासच्या घराचे भानुकुल हे नाव त्यांची आठवण जपते. पुढे शिष्या वसुंधराताईंशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्या साथीने गाणे चालू राहिले. बंदिशींचा अनूपरागविलास हा ग्रंथ १९६५ साली मौज प्रकाशनाने काढला. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत अशा मैफली त्यांनी ऋतूंभोवती बांधल्या. भा. रा. तांबे हे देवास-ग्वाल्हेरकडे आयुष्य घालवलेले मराठी कवी. त्यांच्या कवितांवरही कुमारजींनी कार्यक्रम केला. कबीराची निर्गुणी भजने तर त्यांच्यामुळेच मैफलीत मानाने बसली.

टीकाही पुष्कळ झाली. घराण्याची शिस्त मोडली, ख्यालाचे तुकडे केले, असे जुने जाणकार म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. लांब दमसासाची पल्लेदार तान त्यांच्याजवळ उरली नव्हती. पण लहान, धारदार स्वरवाक्ये आणि त्यांमधली बोलकी शांतता हेच त्यांनी आपले व्याकरण केले. बालगंधर्वांच्या गाण्यावर कार्यक्रम केला तेव्हाही त्यांनी त्याला मला उमजलेले बालगंधर्व असे नाव दिले. एके काळी तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारा मुलगा आता दुसऱ्याचे गाणे उमजून घेऊन आपल्या परीने मांडत होता. माझ्या मते या चरित्राचा सारा प्रवास त्या एका शब्दात आहे. १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांनी देह ठेवला.

कुमारजी कन्नड घरात जन्मले, मराठी मुंबईत घडले आणि माळव्यात राहून कबीर गायले. ते नक्की कुठले, असे कोणी विचारत नाही. तिन्ही ठिकाणचे लोक त्यांना आपलेच म्हणतात. याचे कारण ते जिथे राहिले तिथले त्यांनी मनापासून ऐकले.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात पोळ्याला झडत्या म्हणतात, भुलाबाईपुढे मुली गाणी म्हणतात. मी ती शेकडो वेळा कानांवर पडू दिली, पण ऐकली मात्र नाहीत. यंदाच्या पोळ्याला घरी जाईन तेव्हा वही-पेन्सिल घेऊन आजीजवळ बसायचे ठरवले आहे. राग घडवण्याची पात्रता माझ्यात नाही; पण निदान कोणी लिहून ठेवले नाही म्हणून ती गाणी हरवली, असा ठपका तरी माझ्या पिढीवर येऊ नये. आणि मी कुठला, या प्रश्नाचे उत्तर मिळालेच, तर ते बहुधा तिथेच मिळेल.